मातीतली चांदी आणि हातातलं यंत्र

अमेरिकेत धातुशोधक यंत्र घेऊन जुनी नाणी हुडकणाऱ्यांच्या तोंडी एक साल सतत असतं: १९६४. त्या सालापर्यंतच्या डाइममध्ये, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यात, तसंच पंचवीस सेंटच्या क्वार्टरमध्ये आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी होती. १९६५च्या नाणे कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली. तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा पत्रा चढवलेली ‘क्लॅड’ नाणी आली, आणि लोकांनी चांदीची नाणी खर्च न करता बाजूला ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांतच ती व्यवहारातून नाहीशी झाली. त्यामुळे आज एखाद्या गावच्या बागेत, जुन्या शाळेच्या मैदानात किंवा जत्रा भरायची त्या माळावर चांदीचा डाइम सापडला, तर तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ मातीत पडून असणार, असं बहुतेक वेळा धरून चालता येतं.

या छंदात उतरणारा माणूस साधारणपणे दोनशे डॉलरच्या आसपासच्या यंत्राने सुरुवात करतो. टेक्सासमधल्या गॅरेट कंपनीचं ‘एस २५०’ हे अनेकांचं पहिलं यंत्र. पहिल्या हंगामात भरपूर क्लॅड नाणी मिळतात, तांब्याचे सेंट मिळतात, बाटल्यांची झाकणं तर खंडीभर. नशिबाने चांदीची एक-दोन नाणीही निघतात. पुढे हळूहळू काहीच लागेनासं होतं. तीच बाग, तीच माणसं, तेच यंत्र. पण खड्ड्यातून निघतो तो नुसता कचरा. बाग संपली की यंत्र कमी पडतंय? बहुतेक जण दुसरं उत्तर धरतात आणि पाचपट किमतीचं यंत्र घेतात. ते कधी बरोबर ठरतं आणि कधी पैसे वाया जातात, हे ठरवायला आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहावं लागतं.

यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. त्याने नाण्यात बारीक भोवरी प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. उत्तर किती जोरात आलं एवढंच यंत्र पाहत नाही. ते किती रेंगाळून आलं हेही मोजतं. चांदी आणि तांबं उत्तम वाहक, त्यांचं उत्तर जास्त रेंगाळतं. निकेल, शिसं, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा यांचं लवकर येतं. या रेंगाळण्याचा आकडा म्हणजेच पडद्यावर दिसणारा ‘टार्गेट आयडी’.

हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तूची वाहकता, आकार आणि जाडी यांच्या एकत्रित परिणामाचा तो आकडा आहे, आणि या छंदातली सर्वांत जुनी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. ओहायोच्या अर्मल फ्रेझने १९६३ साली डब्यावरून कडी ओढून काढायच्या झाकणाचं पेटंट घेतलं. पुढची दहा-बारा वर्षं लाखो लोकांनी बिअरचे आणि शीतपेयांचे डबे उघडले आणि कडी तिथेच गवतात टाकली. डब्यालाच चिकटून राहणारी कडी १९७५च्या सुमारास आली, तोवर देशभरातल्या बागांत ॲल्युमिनियमचं पीक पेरून झालं होतं. पाच सेंटचं निकेल नाणं आणि सोन्याच्या बऱ्याचशा अंगठ्या नेमक्या याच कड्यांच्या आकड्यांत बसतात. कड्या गाळायला ‘डिस्क्रिमिनेशन’ लावलं की सोनंही गाळलं जातं. हजार डॉलरचं यंत्रसुद्धा ही अडचण पुरती सोडवत नाही, आणि विकणाऱ्याने ते आधीच सांगायला हवं.

फरक पडतो तो आकड्यांच्या बारकाव्यात. एस २५०च्या पडद्यावर सगळे धातू मिळून १२ खाने आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅब कंपनीचं ‘इक्विनॉक्स ८००’ उणे ९ पासून ४० पर्यंत आकडे दाखवतं. त्याच कंपनीचं ‘सीटीएक्स ३०३०’ तर दोन अक्षांवर मोजतं: लोखंडीपणासाठी ३५ पायऱ्या, वाहकतेसाठी ५०. इक्विनॉक्सवर निकेल नाणं बहुधा १२-१३ वर ठाम बसतं. कड्या वाकलेल्या, मोडलेल्या असल्याने इकडेतिकडे विखुरतात. कॉइल दोन्ही दिशांनी फिरवूनही १२-१३ हलत नसेल तर खणायचं, अशी सवय लावून घेतलेला माणूस त्याच बागेतून निकेल नाणी काढतो, जिथे आधीच्यांनी तो सगळा पट्टाच कचरा म्हणून सोडून दिला होता. पण सात-आठ इंचांखाली हेच आकडे डळमळू लागतात. खोलवर आकड्यापेक्षा कानाचा भरवसा अधिक, हे जुने शोधक सांगतात ते खरंच आहे.

आता खोलीबद्दल. नवं यंत्र घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात खोलीच असते, आणि निराशाही तिथेच सर्वांत जास्त होते. लहान वस्तू कॉइलपासून दूर जाऊ लागली की तिच्यापर्यंत पोचणारं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. तिच्याकडून परत येणारं उत्तरही तसंच क्षीण होत येतं. दोन्ही मिळून सहावा घात होतो. अंतर दुप्पट झालं की उत्तर चौसष्टावा भाग उरतं. उलट बाजूने पाहिलं तर यंत्राची संवेदनक्षमता दुप्पट केली तरी खोली वाढते ती जेमतेम १२ टक्के, म्हणजे आठ इंचांच्या जागी नऊ. भौतिकशास्त्राने घातलेली ही वेस कोणत्याही कारखान्याला ओलांडता आलेली नाही. म्हणून स्वच्छ मातीत स्वस्त आणि महाग यंत्रांतला फरक इंच-दोन इंचांवर येऊन थांबतो.

नाणी मुळात खाली का जातात, हा प्रश्न चार्ल्स डार्विनने आपल्या परीने सोडवला होता. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ साली आलं. शेतावर पसरलेला चुना आणि कोळशाची राख वर्षागणिक किती खाली गेली, हे त्याने मोजलं होतं. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, वस्तू आपल्या जागी राहते आणि माती तिच्यावर चढत जाते. त्यात गवताची कुजलेली मुळं भर घालतात. पण हे खाली जाणं अमर्याद चालत नाही. खडक, चिकणमातीचा थर, मुरूम लागला की थांबतं. अमेरिकी बागांतली बरीचशी चांदी हातभर खोल नसून वितभर मातीतच असते. ती आजवर सापडली नाही याचं कारण खोलीपेक्षा शेजारात शोधावं लागतं.

योगायोग असा की त्याच १८८१ सालात या शेजाराने एक मोठा घात केला. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलैला गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे हे शोधायला टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं ‘इंडक्शन बॅलन्स’ घेऊन गेले. आजच्या यंत्राचं ते पूर्वजच. आधीच्या चाचण्यांत ते चाललं होतं. अध्यक्षांच्या बिछान्यावर मात्र त्यातून गोंधळलेले आवाज आले. गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूपुरता ठेवला, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. लोखंडाच्या शेजारी दुसरा धातू झाकला जातो, हा धडा त्या खोलीत शिकवला गेला. बागेत तोच धडा रोज मिळतो. जुन्या घराच्या जागेवर शेकडो खिळे पडलेले असतात. त्यांच्या आवाजात नाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत भांड्यांच्या खणखणाटात खाली पडलेली जोडवी. खिळ्याचं उत्तर देऊन यंत्र सावरेपर्यंत कॉइल नाण्यावरून पुढे गेलेली असते.

एका उत्तरातून सावरून दुसरं ऐकायला यंत्राला लागणारा वेळ हाच आज पुढच्या यंत्राकडे जाण्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. फ्रान्समधल्या तुलूजच्या एक्सपी कंपनीचं ‘डेउस’ २००९ साली आलं आणि युरोपातल्या नांगरलेल्या शेतांत गाजलं ते याच गुणावर. रोमन घरांच्या, मध्ययुगीन वस्त्यांच्या जागी खिळ्यांची रास असते. त्यात पातळ, हाताने ठोकलेला चांदीचा पेनी हुडकायचा असतो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या काळातला असा पेनी दीड ग्रॅमही भरत नाही, आणि त्याआधीच्या काळात तर मोड म्हणून पेनीचे अर्धे किंवा पाव तुकडेही करत. ज्या शेतांतून लोक रिकाम्या हाताने परतत होते, तिथे वेगवान यंत्रांनी पुन्हा नाणी दाखवली. खोली वाढलेली नव्हती. लोखंडाआडचं ऐकू येऊ लागलं होतं.

याच्या जोडीला दुसरी मोठी उडी आहे अनेक वारंवारतांची. बारीक, पातळ, कमी वाहक वस्तूंना उच्च वारंवारता चांगली. जाडजूड चांदीच्या नाण्यांना कमी. एस २५० साडेसहा किलोहर्ट्झवर चालतं, गॅरेटचंच ‘एटी प्रो’ १५ वर. म्हणजे यंत्र निवडतानाच तडजोड ठरून जायची. दोन वारंवारता एकदम वापरायची कल्पना फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेत होती (५ आणि १५ किलोहर्ट्झ), व्हाइट्स कंपनीच्या डीएफएक्समध्ये होती (३ आणि १५). मिनलॅबने १९९१च्या ‘सॉव्हरिन’पासून ‘एक्सप्लोरर’, ‘ई-ट्रॅक’ आणि २०१२च्या सीटीएक्सपर्यंत हाच धागा वाढवत नेला. जुन्या चांदीच्या शिकाऱ्यांत या यंत्रांना मोठा मान होता. पण ती जड, संथ आणि महाग होती. सीटीएक्ससाठी अडीच हजार डॉलरच्या घरात मोजावे लागत.

२०१८ साली इक्विनॉक्स आलं आणि भाव कोसळला. वेगही होता, एकाच वेळी अनेक वारंवारताही होत्या, यंत्र पाण्यात तीन मीटरपर्यंत चालत होतं, आणि किंमत नऊशे डॉलरच्या आत. एकाच वारंवारतेवर चालणारी यंत्रं आता कालबाह्य झाली, अशी जाहिरात मिनलॅबने केली. तो दावा फुगवलेला होता. चांगल्या एकल वारंवारतेच्या यंत्राने कोरड्या मातीत आजही उत्तम नाणी निघतात. पण बाजाराने मिनलॅबचंच ऐकलं. पुढच्याच वर्षी मिनलॅबने ‘व्हॅनक्विश’ मालिका काढली, तिच्यातलं सर्वांत साधं यंत्र दोनशे डॉलरला. इस्तंबूलच्या नोक्ताचं ‘लेजंड’, एक्सपीचं ‘डेउस २’, मिनलॅबची ‘इक्विनॉक्स ९००’ आणि ‘मँटिकोर’ ही सगळी त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. दरम्यान ॲरिझोनाची टेसोरो कंपनी २०१८ला बंद पडली. ओरेगॉनची व्हाइट्स, १९५० पासून चालत आलेली, २०२० साली थांबली. दोन पिढ्यांनी या दोन नावांवर नाणी शोधली होती. ती गेली याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ज्याच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचं प्राथमिक यंत्र आहे, त्याला मधल्या किमतीच्या आजच्या यंत्राने खरोखर वेगळं जग दिसेल. ज्याच्याकडे इक्विनॉक्स ८०० किंवा लेजंड आहे, त्याने मँटिकोर घेतलं तर फरक पडेल, पण थोडा. दुप्पट पैशांना दुप्पट नाणी मिळण्याची आशा धरू नये.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते, आणि एकाच वारंवारतेचं यंत्र तिच्यावर सतत खोटे आवाज काढतं. अनेक वारंवारता असल्या की मिठाचा परिणाम वजा करता येतो. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर १७१५ साली वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्याची नाणी आजही वादळानंतर वाळूत येतात; दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅगनरने तिथे सैन्याच्या मोडीत निघालेल्या सुरुंगशोधकाने सुरुवात केली होती. अशा किनाऱ्यावर जाणाऱ्याला यंत्र बदलण्याबद्दल फार विचार करायला नको. तिथे अनेक वारंवारतांचं, पाण्यात चालणारं यंत्र ही गरजच आहे.

बागेत फिरणाऱ्याने मात्र यंत्राआधी दुसऱ्या गोष्टींवर पैसे घालावेत. हातात मावणारा पिनपॉइंटर नसेल तर तो सर्वांत आधी: खड्डा लहान होतो, वेळ वाचतो आणि नाण्यावर खुरप्याचा ओरखडा उमटत नाही. दुसरी लहान कॉइल. अकरा इंची कॉइलखाली एका वेळी नाणं आणि चार खिळे येतात. सहा इंची कॉइलखाली कदाचित नाणं एकटंच येतं. कचऱ्याने भरलेल्या जागेवर जुन्या यंत्राला लावलेली लहान कॉइल नव्या यंत्राच्या मोठ्या कॉइलला मागे टाकू शकते. चांगले हेडफोन तिसरे, कारण खोलवरच्या नाण्याची कुजबुज स्पीकरमधून ऐकूच येत नाही.

एवढं करूनही यंत्र बदलायचं असेल तर जुनं लगेच विकू नये. नव्या यंत्राने एखादी जागा दाखवली की तिथे न खणता जुनं फिरवून पाहावं. जुन्याने तोच संकेत दिला तर अडचण यंत्रात नव्हती. जुनं गप्प राहिलं, किंवा त्याने लोखंड सांगितलं आणि खणल्यावर नाणं निघालं, तर पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसतं. याच सरावात नव्या यंत्राची बोलीही कळते. गंजलेलं चपटं लोखंड आणि पोलादी बाटलीची झाकणं चांदीसारखा उंच सूर काढून फसवतात. ते ओळखायला शिकण्यात महिने जातात. कित्येक उत्तम यंत्रं त्या आधीच, निराश मालकांकडून, जुन्या बाजारात येतात. तिथून घेणाऱ्याचा फायदाच होतो, फक्त कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट यंत्रांपासून सावध राहावं.

गाजलेल्या मोठ्या सापडी पाहिल्या तर यंत्राचा क्रमांक आणखी खाली जातो. इंग्लंडच्या सफोकमधल्या हॉक्सन इथे १९९२ साली एरिक लॉज शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते. लागली ती पंधरा हजारांच्या आसपास रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्टॅफर्डशायरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा २००९ साली टेरी हर्बर्टला मिळाला तो जुन्या, स्वस्त यंत्राने. त्याचं मोल ३२,८५,००० पौंड ठरलं. आणि कॅलिफोर्नियातला सॅडल रिज साठा, १,४२७ सोन्याची नाणी, २०१३ साली एका जोडप्याला दिसला तो कुत्र्याला फिरवताना, यंत्राशिवाय. जागा बरोबर असली की साधं यंत्रही बोलतं. म्हणून जुने नकाशे, पाडलेल्या शाळांच्या जागा, शेतमालकाची परवानगी यांवर घातलेला वेळ कुठल्याही यंत्राहून अधिक फळतो.

हॉक्सनमध्ये लॉज यांनी थोडी नाणी वर काढली आणि बाकीची तशीच ठेवून अधिकाऱ्यांना कळवलं. २०१० साली फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मोठ्या रांजणाचं तोंड दिसलं, तेव्हा त्यांनीही खणणं थांबवलं. पुरातत्त्वज्ञांनी थराथराने काढलेल्या त्या रांजणात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, आणि ती कोणत्या क्रमाने भरली गेली हेही कळलं. ब्रिटनच्या १९९६च्या ट्रेझर कायद्याने अशा सापडीची खबर देणं बंधनकारक आहे. तिची किंमत ठरवून शोधणारा आणि जमीनमालक यांना मोबदला मिळतो. हर्फर्डशायरमध्ये २०१५ साली दोघांनी साठा लपवून विकला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी ३१ परत मिळाली, आणि दोघांनाही तुरुंगात जावं लागलं. अमेरिकेत खासगी जागेवर मालकाची परवानगी पुरते. राष्ट्रीय उद्यानांत यंत्र नेणंच निषिद्ध आहे. तीक्ष्ण यंत्राबरोबर ही जबाबदारीही वाढते, कारण जे आजवर झाकलेलं राहिलं ते आता हाती लागणार असतं.

हे सगळं महाराष्ट्राला लागू करण्याचा मोह होतो, तो आवरावा. सोनारपेठेतला केर आणि नदीतला गाळ धुऊन सोन्याचे कण, नाणी काढणाऱ्या झारेकऱ्यांची परंपरा इथे जुनी आहे. पण जमिनीतल्या साठ्याला १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि संरक्षित स्थळांवर खणणं हा गुन्हाच आहे. या कठोरपणामागचं कारण जोगलटेंभीत दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचे ठसे पुन्हा मारलेले होते. सातवाहनांनी नहपानाचं राज्य जिंकल्याचा इतका ठोस पुरावा मिळाला, कारण साठा एकत्र अभ्यासता आला. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर इतिहासातलं ते पान कोरंच राहिलं असतं. याउलट मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला ‘छावा’ चित्रपटानंतर अफवा पसरली, आणि लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मोगली सोन्यासाठी शेतं उकरू लागले. तिथे काही असलंच, तर त्याचा संदर्भ त्या रात्रींतच उद्ध्वस्त झाला. हा छंद करायचा तर परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तिथल्या कायद्यात राहून करावा.

असा माणूस दुकानात उभा राहिला की तक्त्यातल्या एका आकड्याकडे त्याने जरूर पाहावं, आणि तो म्हणजे वजन. सीटीएक्स ३०३० सुमारे २.४ किलोचं. इक्विनॉक्स १.३ किलोच्या घरात, डेउस किलोच्याही आत. कॉइल जमिनीला घासून, संथ, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर चढवत फिरवावी लागते. हात दुखू लागला की ती वर उचलली जाते आणि मोठ्या किमतीने मिळवलेला तो एक इंच जमिनीच्या वरच खर्च होतो. साठी ओलांडलेल्या शोधकाने हलकं यंत्र, त्याला सहा इंची कॉइल आणि एक पिनपॉइंटर घ्यावा, उरलेले पैसे जवळ ठेवावेत, आणि ज्या बागेत आपण ‘संपलं’ म्हणून पाऊल टाकणं सोडलं, तिच्या सर्वांत खिळेभरल्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी.